शब्दांची पेटी : गिरमिट, पान्हा आणि रोवलेलं जातं

नवरात्र जवळ आलं की हादग्याच्या गाण्यांविषयी पत्रं येतातच. हत्यारांची पत्रं मात्र यंदा मीच ओढवून घेतली. मागच्या अंकात वडिलांच्या पेटीतल्या पटाशीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि वाचकांनी आपापल्या घरातल्या पेट्या उघडल्या. मला याचा फार आनंद झाला. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, म्हणून पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आजोबांच्या पश्चात त्यांची लाकडी पेटी उघडली. तीत एक हत्यार निघालं. वर आडवा लाकडी दांडा, खाली पिळाचा लोखंडी गज. शेजारच्या सुतारकाकांनी ‘हे गिरमिट’ म्हणून सांगितलं. फिजीला गेलेल्या मजुरांना ‘गिरमिटिये’ म्हणत असं मुलाने वाचलं आहे. ते मजूर हे हत्यार वापरत म्हणून हे नाव पडलं, असं त्याचं म्हणणं. खरं काय? (वाचिका, मिरज)

उत्तर : नाही, त्या मजुरांचा या हत्याराशी संबंध नव्हता. हे दोन वेगळे शब्द आहेत. दोघेही इंग्रजीतून आले आणि आपल्या तोंडात येऊन एकसारखे झाले. सुताराचं गिरमिट ‘गिमलेट’पासून आलं. त्यातल्या ल आणि म यांनी जागा बदलली आणि ल चा र झाला. ‘जनरल’चा ‘जरनेल’ होताना अक्षरांनी अशीच जागा बदलली. मजुरांचं गिरमिट ‘अ‍ॅग्रिमेंट’पासून. पुढचा अ गळला, ‘ग्रि’चं ‘गिर’ झालं आणि ‘मेंट’चं ‘मिट’.

आधी हत्यार. माझे वडील संगमेश्वर तालुक्यात सुतारकाम करत. त्यांच्या पेटीत तीन गिरमिटं होती, करंगळीएवढ्या भोकाचं, अंगठ्याएवढ्या भोकाचं आणि एक त्याहून जाड, बैलगाडीच्या कामाचं. गिरमिटाच्या टोकाला बारीक आटे असतात, स्क्रूला असतात तसे. ते लाकडात एकदा धरले की गिरमिट स्वतःच स्वतःला आत ओढतं. वडील मला एवढंच सांगत, “दाबू नकोस. फिरव. जायचं ते आपणहून जाईल.” फणसाच्या फळीवर गिरमिट चालायला लागलं की पिळातून पिवळा भुसा वर यायचा आणि त्याचा गोडसर वास पडवीभर व्हायचा. दहा-बारा फेरे झाले की उलटं फिरवून गिरमिट बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, पुन्हा घालायचं. भुसा आत दाटला की गिरमिट अडकतं, आणि मग जोर केला तर दांडा निसटतो.

खरी कसब शेवटच्या फेऱ्यांत. पलीकडच्या बाजूला टोक नुसतं डोकावलं की थांबायचं, फळी उलटी करायची आणि त्या टिकलीएवढ्या भोकातून परत गिरमिट घालायचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना हे विसरले आणि एका दमात आरपार गेले. पलीकडून तळहाताएवढी ढलपी उडाली. चौकट दुसऱ्याच्या घराची होती. वडील रागावले नाहीत. ढलपी शोधून आणायला लावली, सरस लावून ती जागेवर बसवली, वर दगड ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रंधा मारला. ते घर अजून उभं आहे. मी गावी गेले की त्या दाराशी जाते आणि चौकटीवर बोट फिरवते. सांधा बोटाला लागत नाही, पण मला ठाऊक आहे तो कुठे आहे.

इंग्रजी शब्द येण्याआधी आपले सुतार भोकं पाडत नव्हते असं मात्र समजू नका. सामता होताच. कमानीच्या दोरीचा वेढा सामत्याला द्यायचा आणि कमान करवतीसारखी मागेपुढे ओढायची. बारीक भोकांना वडील शेवटपर्यंत सामताच घेत. आमच्या घरात हत्याराचं नाव बोलण्यातही उतरलं होतं. मी एखाद्या गोष्टीसाठी सारखी मागे लागले की आई म्हणायची, “किती गिरमिट लावशील डोक्याला!” फेऱ्यावर फेरा, हळूहळू, पण आत आत. तगाद्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आता दुसरं गिरमिट. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडली. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. फिजीला पहिलं जहाज ‘लिओनिडास’ पोचलं ते १४ मे १८७९ ला. करार बहुधा पाच वर्षांचा असे. ज्याला वाचता येत नाही त्याने कागदावर अंगठा उठवायचा. त्या कागदाचं नाव त्याच्या तोंडी ‘गिरमिट’, आणि तो स्वतः ‘गिरमिटिया’. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतल्या मजुरांविषयी लिहिताना हा शब्द याच अर्थाने समजावून दिला आहे. जो शब्द आपल्याला नीट उच्चारताही येत नाही, त्यावर अंगठा देऊन माणसं समुद्र ओलांडून गेली. मुलाला हा इतिहास जरूर वाचू द्या, फक्त हत्यार त्यातून बाजूला काढा.

यात आपलीही माणसं होती. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. तिथे आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथले मराठी लोक ‘झाकरी’ नाचतात. ती आमची जाखडी. गणपतीत आमच्या वाडीत गोल धरून, पायात चाळ बांधून रात्र रात्र जाखडी चाले. वडील मधे बसून झांज वाजवत. मॉरिशसच्या मराठी मंडळींची झाकरी मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली तेव्हा पाय टाकण्याची ती लकब पाहून उठून उभी राहिले. मूळ घर, तालुका, नातेवाईक, पिढ्यांमागे सगळं सुटलं आणि पायाचा ठेका तेवढा राहिला.

जाता जाता, हुबळी-धारवाडला कुणी ‘गिरमिट’ विचारलं तर चिंच-गूळ-कांद्याच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे पुढ्यात येतात, सोबत मिरचीची भजी. शब्दाचा नुसता आवाज ऐकून नातं जोडायला गेलं की माणूस कुठे पोचेल ते यावरून बघा.

प्रश्न : आमचं गॅरेज आहे. सामानाच्या फळ्यावर मी ‘पान्हे’ असं लिहिलं. मुलगी म्हणते, चुकलं, पान्हा गाईला फुटतो, गॅरेजात ‘पाना’ असतो. अंगाईगीतांतही पान्हाच येतो. बरोबर कोण? (वाचक, बार्शी)

उत्तर : मुलगी. नट-बोल्ट आवळायचा तो पाना. तो मी ‘स्पॅनर’मधूनच आलेला धरते, पुढचा स गळून. दहा-अकराचा पाना, रिंग पाना, हे तुम्ही रोज बोलता तसंच लिहा. पान्हा हा जुना शब्द, संस्कृत ‘प्रस्नव’पासूनचा. वासरू कासेला ढुशा देतं, गाय मान वळवून त्याला चाटते आणि मग कास भरून येते, तो पान्हा. दूध आधीपासून असतंच, पण ते सोडायचं की नाही हे गाय ठरवते. धार काढणारा अनोळखी असला की ती पान्हा चोरते. अंगाईत, ओवीत हा शब्द येतो तो दुधासाठी येत नाही. बाळ समोर दिसताच आईच्या आत जे सुटतं, त्यासाठी येतो. एवढा भरलेला शब्द पत्र्याच्या फळ्यावर नको, असं मलाही वाटतं. फळा पुसून घ्या.

प्रश्न : ‘ऐलमा पैलमा गणेशदेवा’ मधल्या ऐलमा आणि पैलमा या दोन देवी आहेत का? आणि पुढे ‘गुंजावणी डोळे’ येतं ते काय? आमच्या सोसायटीत भोंडला असतो, मुली विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही. (वाचिका, नाशिक)

उत्तर : देवी नाहीत. ऐल म्हणजे अलीकडचा, पैल म्हणजे पलीकडचा. नदीचा ऐलतीर, पैलतीर आपण आजही म्हणतो. ज्ञानेश्वरांच्या विराणीतला कावळा ‘पैल’ कोकतो, तोच हा पैल. ‘मा’ मी चालीसाठी आलेला मानते. मुलींचा खेळ सुरू होताना अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या दिशांना ठेवून मधे गणेशाला बोलावलं आहे आणि त्याच्याकडे एवढंच मागितलं आहे की माझा खेळ मांडू दे.

गुंजावणी डोळ्यांचं उत्तर मला शाळेच्या खिडकीत मिळालं. मी साताऱ्याकडे एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. गाण्यात आधी ‘पारवं घुमतं बुरजावरी’ अशी ओळ आहे आणि लगेच ‘पारवळ बाळाचे गुंजावणी डोळे’. पारवळ म्हणजे पारव्याचं पिल्लू असं मी वर्गात सांगत होते आणि तेवढ्यात खिडकीच्या गजावर पारवा येऊन बसला. अगदी हातभर अंतरावर. डोळा केशरी-तांबडा आणि मधोमध काळा थेंब. दुसऱ्या दिवशी एका मुलीने आजीच्या डबीतल्या गुंजा आणल्या. लाल दाणा, त्यावर काळा ठिपका. बाकी काही सांगायची गरज उरली नाही. गुंज म्हणजे सोनारांच्या तराजूतलं वजन, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. गाणं रचणाऱ्या बाईने तो दाणा रोज पाहिलेला होता आणि पारवाही पाहिलेला होता. या गाण्याला ‘अर्थ नसलेलं यमक’ म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

पुढे पाऊस येतो, ‘थेंबोथेंबी आडव्या लोंबी’. पुष्कळ ठिकाणी मुली ‘आडव्या लोंबती’ म्हणतात आणि मग काहीच कळत नाही. लोंबी म्हणजे भाताचं कणीस. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २७ सप्टेंबरच्या सुमारास. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा तो या हस्ताचा हत्ती. त्याच दिवसांत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पोटरीतून, कणसाभोवतीच्या वेष्टणातून, बाहेर पडून भरत असतं. पावसाच्या थेंबांनी भरल्या लोंब्या आडव्या होतात. भाताच्या मुलखातल्या बाईला यात कोडं वाटलं नसतं, ते तिच्या दारातलं शेत होतं.

पाठांतर कुठलं बरोबर, असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे. कोल्हापूरकडे हादगा, पुण्याकडे भोंडला, खानदेश-विदर्भात भुलाबाई, आणि शब्द दर बारा कोसांवर वेगळे. तुमच्या आईने शिकवलं ते म्हणा. फक्त लोंबी तेवढी लोंबीच ठेवा.

प्रश्न : ‘ये रे ये रे पावसा’ मध्ये पैसा खोटा निघाला, तरी पाऊस मोठा कसा आला? नातू विचारतो. (आजोबा, चिपळूण)

उत्तर : खोटा म्हणजे न चालणारं नाणं. बद्द वाजणारं, सराफ परत करतो ते. नातवाला सांगा, पाऊस पैसा बघून येत नाही. माझ्या आजीने मला हेच सांगितलं होतं आणि मला तेव्हा ते पुरलं.

प्रश्न : ‘अक्कण माती चिक्कण माती’ या गाण्यात ‘जातं ते रोवावं’ अशी ओळ आहे. झाड रोवतात, खांब रोवतात. जातं कसं रोवणार? ओळ चुकीची आहे का? (वाचिका, ठाणे)

उत्तर : ओळ अगदी बरोबर आहे. आजचं जातं आपण बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवतो, म्हणून ते उचलायचं वाटतं. दळायचं जातं घरात कायमचं बसवलेलं असे. गाण्याची सुरुवातच पाहा. आधी माती, तीही चिकण. त्या मातीचा ओटा घालायचा. ओट्यात जात्याचा खालचा दगड रोवायचा, म्हणजे मातीत अर्धा गाडून पक्का करायचा. तो हलला तर दळण होणार नाही, कारण फिरायचं फक्त वरच्या दगडाने. भोवती मातीचं पाळं करायचं, म्हणजे पडणारं पीठ त्यात साठतं. ‘अक्कण’ला वेगळा अर्थ शोधू नका, ‘चिक्कण’ला जोड म्हणून तो आला आहे. पण चिक्कण माती अस्सल आहे. साध्या मातीचा ओटा भेगाळतो.

आमच्या पडवीतलं जातं आजीने लग्न होऊन आल्यावर रोवलं होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून तिच्यासमोर बसायची, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर खाली तिचा हात, वर माझा. माझ्या बाजूला खुंटा आला की मी ढकलायची, तिच्या बाजूला ती ओढायची. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायचे दाणे, तीच घालायची, एका वेळी अर्धी मूठ. जास्त घातली तर पीठ भरड निघतं आणि कमी घातली तर दगडाला दगड लागून खर येते. आठ-दहा महिन्यांनी जातं गुळगुळीत व्हायचं. मग ‘जातं टाकवून घ्या’ अशी हाक देत पाथरवटाची बाई येई आणि टाकी-हातोडीने दोन्ही दगडांना नव्याने खाचे पाडून देई. टाकवल्यानंतरचं पहिलं दळण आजी गुरांना घाली, कारण त्यात दगडाची कच असते.

आता गाणं पुढे वाचा. जात्यावर सोजी काढावी, सोजीच्या करंज्या कराव्या, त्या तबकात भराव्या, शेल्याने झाकाव्या, पालखीत ठेवाव्या, माहेरी धाडाव्या. सोजी काढणं म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. गहू आदल्या रात्री ओलवून फडक्यात बांधून ठेवायचे, सकाळी जात्यावर दळायचे, मग चाळणीने आणि वस्त्राने गाळून रवा वेगळा, पिठी वेगळी, कोंडा वेगळा. पायलीभर गव्हांना एका बाईचा दिवस जातो. गाण्यातली सासुरवाशीण मातीपासून सुरुवात करते. तिच्याकडे तयार काही नाही. ओटा तिने घातला, जातं तिने रोवलं, दळलं, लाटलं, तळलं. आणि शेवटी पालखीत काय बसलं, तर करंज्या. ती स्वतः नाही. माहेरी करंज्या जातात आणि ती राहते. नंतरच्या दोन ओळींत ‘असं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं’ आणि ‘असं सासर द्वाड बाई, कोंडोनी मारतं’. मुली हे टाळ्या वाजवत, हसत म्हणतात. म्हणू द्यात. पण फेर संपल्यावर, खिरापत ओळखून झाल्यावर, एखाद्या मोठ्या मुलीला जवळ बसवून ही पायरी-पायरीची मेहनत मोजून दाखवा. मी दर वर्षी नववीच्या मुलींना दाखवत असे. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, “बाई, ती स्वतः पालखीत का नाही बसली?” वर्गात कुणी हसलं नाही.

जात्यावर गाणाऱ्या बायकांना आपलं बोलणं कुणी ऐकत नाही याची सवय होती, म्हणून त्या जात्यालाच सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावी जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक आज गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. हातात मोबाइल असताना त्या ऐकायच्या राहून गेल्या असतील तर या नवरात्रात ऐका. पहाटे ऐका, दळणाची वेळ तीच होती.

पुढच्या अंकासाठी मला मदत हवी आहे. जात्याच्या खालच्या दगडाच्या मधोमध जो लोखंडी खिळा असतो, ज्यावर वरचा दगड फिरतो, त्याला आमच्याकडे आजी ‘मेख’ म्हणायची. तुमच्या गावी काय म्हणतात? घरात कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल तर तिलाच विचारा, आणि तिने सांगितलेला शब्द आहे तसा, न सुधारता, गावाच्या नावासह पोस्टकार्डावर लिहून पाठवा.